तवंदीखालच्या रानाचा फोटो

पहिल्या वर्षी मी काढलेले फोटो वाईट होते. हे विनयानं सांगत नाही. माल पास की नापास हे ठरवणं हीच माझी नोकरी आहे. बेळगावच्या उद्यमबागेत पंपाच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात बसते. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे पंपाचा ओतीव भाग, मशीनवर तासून माझ्या टेबलावर येतं. मी ते मोजते आणि मापात बसत नसेल तर लाल खूण करून बाजूला ठेवते. वीस वर्षं हेच करते आहे. लाल खूण दिसली की मशीनवरचा माणूस भांडायला येतो, मी त्याला माप दाखवते, तो पुटपुटत परत जातो. त्यामुळं स्वतःच्या फोटोंवर लाल खूण करताना मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्यानं येऊन, माप न दाखवता, नुसतं हसून ते नापास केले तेव्हा.

कॅमेरा जुनाच. ऑफिसातल्या एकानं नवा घेतला, त्याचा जुना मी घेतला. तेव्हा माझं वय चव्वेचाळीस. लग्न केलेलं नाही. का नाही ते मी कुणाला सांगत नाही, इथंही सांगणार नाही. रविवार माझा स्वतःचा असतो. ओळखीचे लोक म्हणायचे, “आता या वयात फोटोग्राफी?” मी म्हणायची, “मग कुठल्या वयात?” आई तंबाखूच्या रानात रोजगाराला जायची आणि आम्ही निपाणीतल्या बुद्धविहारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत वाढलो. त्या वयात मला कॅमेरा कोण देणार होतं?

शहरात हौशी फोटोग्राफरांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, प्रत्येकानं दोन फोटो पडद्यावर दाखवायचे आणि त्यावर बोलायचं, अशी पद्धत. गटात एक वडीलधारे सर आहेत. नोकरीतून निवृत्त झालेले, जंगलं आणि धबधबे पुष्कळ हिंडलेले. शेवटचा शब्द त्यांचाच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा निपाणीकडच्या शेताचा एक फोटो नेला होता. खाली हिरवं रान, वर पांढरं आभाळ, मागं डोंगराची रेघ. मला तो बरा वाटला होता.

पडद्यावर फोटो आला. सर थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “यात बघायचं काय?”

हॉलमध्ये हशा झाला. मी उभीच होते.

मग त्यांनी एकेक सांगितलं. आभाळ जळून पांढरं फटक झालंय. क्षितिज कललंय. जवळ काही नाही, लांब काही नाही, डोळा जाऊन बसेल अशी एक जागा नाही. हे सगळं खरं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं. ते तिथंच थांबले असते तर मी आभार मानून खाली बसले असते. पण ते म्हणाले, “मॅडम, निपाणीकडं आहे काय हो फोटो काढण्यासारखं? कोगनोळीचा टोलनाका?” पुन्हा हशा. “लँडस्केप करायचं असेल तर खानापूरकडं या.”

पहिला हशा मी गिळला. दुसरा नाही गिळता आला.

तरीही गेले. शिकायचं तर जिथं शिकवतात तिथं जायला हवं, एवढी अक्कल मला आहे. एका रविवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही अकरा जण खानापूरपुढच्या गुंजीला उतरलो. स्टेशनपासून थोडं चालून एका वळणावर सगळ्यांनी ट्रायपॉड लावले, ओळीनं, एस.टी.च्या रांगेसारखे. झाडांमधून धुकं वर येत होतं. सरांनी माझ्या कॅमेऱ्यातून डोकावून बघितलं, तो थोडा डावीकडं वळवला आणि म्हणाले, “आता थांबा. उजेड येईपर्यंत बटण दाबायचं नाही.” त्या सकाळी मी खूप शिकले. आभाळाचा उजेड धरून बाकीचा काळोख सोसायचा कसा, कॅमेरा तिपाईवर ठेवला की हात आणि मन दोन्ही शांत कसे होतात, आणि शंभर फोटो काढण्यापेक्षा एकासाठी तासभर उभं राहणं कसं चांगलं. हे सगळं सरांकडून मिळालं. ते मी कधी नाकारत नाही.

फोटो सुंदर आला. गटाच्या व्हॉट्सॅपवर कौतुक झालं. घरी येऊन मी अकराही जणांचे फोटो एकापुढं एक उघडले आणि माझा कुठला ते मला चटकन ओळखता आलं नाही. तीच झाडं, तेच धुकं, उजेडाची तीच तिरीप. माझ्या टेबलावर येणारा माल एकसारखा असावाच लागतो, नाहीतर पंप चालणार नाही. पण फोटोला पंपात बसायचं नसतं. मी वही काढली, गुंजीच्या फोटोवर लाल खूण केली आणि पुढं कारण लिहिलं: हा कुणीही काढला असता.

त्या दिवशी ठरवलं की एकच जागा धरायची. ती जमेपर्यंत दुसरीकडं जायचं नाही. आणि ती जागा निपाणीकडचीच असणार.

जागा शोधावी लागली नाही. आई अजून निपाणीतच राहते, त्याच गल्लीत. एक रविवार सोडून एक रविवार मी तिच्याकडं असते. बेळगावहून येताना बस तवंदीचा घाट उतरायला लागली की खाली रानं दिसतात. आता बराच ऊस झालाय, पण मधे मधे तंबाखूचे पट्टे अजून आहेत. त्यातल्या एका रानात आईनं बरीच वर्षं काम केलं. लागणीपासून पान वाळून निघेपर्यंत. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मीही तिच्यामागं जायची. त्या रानाच्या कडेनं गाडीवाट जाते, तिथं मी ट्रायपॉड लावला.

आईला सांगितलं तेव्हा ती भांडी विसळत होती.

“कुठल्या रानाचा फोटो?”

मी रान सांगितलं.

“त्येचा फोटो कशाला? माझी पाठ गेली त्या रानात. तुला फोटो काढायला दुसरं काय गावलं न्हाय व्हय?”

“तू चल की एकदा माझ्यासंगं.”

“मी न्हाय येत. सुटलं ते सुटलं.”

मग मी एकटीच जात राहिले. कित्येक महिने एकही फोटो पास झाला नाही, पण प्रत्येकापुढं मी कारण लिहीत गेले. कारण लिहिलं की तीच चूक पुढच्या वेळी करताना हात आपोआप थबकतो. क्षितिज कलण्याचं मूळ सापडायला बरेच दिवस लागले. डोंगराचा उतार डावीकडून उजवीकडं येतो, तो बघून माझी नजर फसायची आणि त्याला सरळ करायच्या नादात मी अख्खी जमीन तिरकी करून ठेवायची. कारखान्यातून एक छोटी पाणसळ मागून आणली. आत पाण्याचा बुडबुडा असतो आणि तो मधोमध आला की समजायचं सपाट आहे, तीच गवंड्याकडची वस्तू. ती कॅमेऱ्यावर ठेवली. बुडबुडा डोंगराला भुलत नाही. आभाळ जळायचं थांबलं, कारण मी दुपारी जायचं सोडलं आणि सकाळच्या पहिल्या उजेडात जायला लागले. तरीसुद्धा फोटो मेलेलाच. सगळं बरोबर, आणि आत जीव नाही. सरांचा तो प्रश्न अजून लागू पडत होता आणि त्याचा मला राग यायचा. सरांचा नव्हे, माझाच.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी अशीच उभी असताना मोटारसायकलवरून एक माणूस आला. पस्तिशीचा असेल. गाडी आडवी लावून आधी कन्नडमध्ये विचारलं, कोण तुम्ही? मी मराठीत उत्तर दिलं तसा तो मराठीत आला.

“सर्व्हेवाल्या हाय काय तुम्ही? रस्त्याच्या कामाच्या?”

तेव्हा रस्ता रुंद होणार, जमिनी जाणार, अशी चर्चा सगळीकडं होती. तिपाईवर काहीतरी लावून कुणी शेताकडं बघत उभं राहिलं की माणसं घाबरायची. त्याची भीती मला कळत होती.

“न्हाय. फोटो काढते.”

“कशाचा?”

“या रानाचा.”

त्यानं वळून रानाकडं बघितलं. तिथं काही नवीन झालंय का ते बघावं तसं. “रानाचा? कशाला?”

“आवडतं म्हणून.”

“रान आमचं हाय.”

“हाय की. मी वाटेवर उभी आहे. रान काय उचलून न्हेत न्हाय.”

तो जरा हसला. मग त्यानं विचारला तो प्रश्न आमच्याकडं सगळेच विचारतात, फक्त विचारायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. “गाव कुठलं? निपाणीत कुणाच्यातल्या?”

मी गल्ली सांगितली, आईचं नाव सांगितलं. लपवायचं मी केव्हाच सोडून दिलंय. त्याच्या तोंडावर ओळख पटल्याचं दिसलं. खांदे सैल झाले. सर्व्हेवाली नाही, साहेबीण नाही.

“आसं व्हय! आमच्या रानात कामाला हुती, तिची लेक तू. मग काढ की. काढ काढ.”

‘तुम्ही’ होते ती एका क्षणात ‘तू’ झाले. आणि ‘काढ की’ म्हणताना त्याच्या आवाजात, उरलेली भाकरी कुणाला तरी द्यावी, तसं काही होतं. त्यानं ‘काढू नका’ म्हटलं असतं तर मी भांडले असते आणि विसरून गेले असते. हे ‘काढ की’ मला जास्त लागलं.

मी कॅमेऱ्यावरचा हात काढला आणि त्याच्याकडं तोंड करून उभी राहिले. “मघाशी मला ‘तुम्ही’ म्हणत होता,” मी म्हणाले. “तेच चालू ठेवा. मी तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे.”

तो गडबडला. काहीतरी म्हणाला, गाडी सुरू केली आणि गेला. त्या दिवशीचे सगळे फोटो हललेले आले.

दुपारी आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पुढच्या बारीला कवा जाणार हाईस?”

“पंधरा दिवसांनी.”

“मी येतो संगं.”

आमच्याकडं जुन्या बायका स्वतःबद्दल ‘येतो, जातो’ असंच बोलतात.

आई आली. ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून, पायात चप्पल घालून. पूर्वी त्या रानात ती अनवाणी असायची. वाटेवर मी ट्रायपॉडचे पाय ओढून लांब केले, कॅमेरा डोळ्याच्या उंचीला आणला आणि बघायला लागले. आई बाजूला उभी राहून माझ्याकडं बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली,

“उभ्यानं काय बघाय लागलीस?”

“म्हंजे?”

“उभ्यानं मालक बघतोय, वाटेवरनं, काम किती झालं ते बघाय. आम्ही कवा उभ्यानं बघितलंय रान? खाली बस.”

मी बसले.

“आजून खाली. वाक.”

ट्रायपॉडचे पाय आखडून मी कॅमेरा गुडघ्याखाली आणला, मातीत एक हात टेकला आणि आत बघितलं. मी वर्षभर त्या रानासमोर उभी होते आणि रान पहिल्यांदा बघत होते. पुढचं तंबाखूचं पान सुपाएवढं मोठं झालं होतं. त्याच्यावरची दवाची लव, चिकाचे तपकिरी डाग, पिकत आल्याचे पिवळे ठिपके, सगळं समोर. वरून जी सपाट हिरवी चादर दिसायची तिच्यात आता सऱ्या होत्या. दोन ओळींच्या मधली मातीची सरी माझ्यापासून निघून थेट डोंगराच्या पायापर्यंत गेली होती आणि नजर तिच्यातून चालत जात होती. आणि पार टोकाला पाच बायका फुटवे खुडत होत्या, वाकलेल्या. त्यांच्या पाठी आणि मागच्या डोंगराची कड एका उंचीला आली होती.

“दिसलं?” आई म्हणाली.

“दिसलं.”

“हां. हे आसलं दिसतंय रान.”

आई सरीतून सरळ त्या बायकांकडं निघाली. मी मागोमाग गेले. त्यातल्या एकीला ती ओळखत होती. मी सांगितलं की मला फोटो काढायचा आहे, तुम्ही लांब दिसाल, चालेल का? त्यांनी एकमेकींकडं बघितलं.

“तोंड दिसतंय का?”

“न्हाय दिसत. लांब आहे.”

“दिसत आसलं तर थांब, मी साडी बदलून येतो,” एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्यांचे हात चिकानं काळे झाले होते. आईनं एकीचा हात आपल्या हातात घेऊन उलटा करून बघितला आणि सोडला.

परत वाटेवर आलो तर तोच मोटारसायकलवाला उभा. आईला बघून म्हणाला, “मावशी, बरं हाय न्हवं?”

“बरं हाय. आप्पा बरं हायत का?” तिनं त्याच्या वडिलांची चौकशी केली. मग त्याच आवाजात, न चढवता, विचारलं, “माझ्या लेकीला आहो म्हणतोस न्हवं आता?”

त्यानं खाली बघितलं. “म्हणतो की, मावशी.”

“म्हण. ती हापिसात मोठी हाय.” तिला माझ्या नोकरीतलं एवढंच माहीत आहे, आणि एवढं त्या वेळी पुरेसं होतं.

पाहिजे तो फोटो त्या दिवशी मिळाला नाही. पुढच्या वेळीही नाही, धुकं फार होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मिळाला. मी मातीत पालथी पडले होते, कोपरं ओली. सूर्य डोंगराच्या कडेवर आला आणि पुढच्या पानातून आरपार उजेड गेला. सरी अजून सावलीत होती. टोकाला त्याच पाच पाठी. डाव्या हाताला विजेचा मोठा मनोरा आणि त्याच्या तारा. बायका आपापल्या कामात होत्या, माझ्याकडं एकीचंही लक्ष नव्हतं. मी एकदाच बटण दाबलं. त्या फोटोवर मी लाल खूण केली नाही.

गटाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं. मी तो फोटो पाठवला. दोन दिवसांनी सरांचाच फोन आला. आवाजात खरा आनंद होता.

“मॅडम, हा तुमचा पहिला खरा फोटो आहे. काय फोरग्राउंड मिळालंय! हा लावायचाच.”

त्या शाबासकीसाठी मी वर्षभर धडपडत होते हे मलाच तेव्हा कळलं.

“फक्त दोन गोष्टी काढून टाकू,” सर म्हणाले. “तो मनोरा आणि मागच्या बायका. लँडस्केपच्या विभागात आहे ना, तिथं निसर्ग हवा. कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम, मी करून देतो.”

“बायका काढायच्या?”

“लहान दिसतात म्हणून नजरेला खुपतात. त्या गेल्या की फ्रेम स्वच्छ होते.”

“सर, ही पानं एवढी मोठी का आहेत माहीत आहे?” मी म्हणाले. “शेंडा खुडलाय म्हणून, आणि फुटवे काढलेत म्हणून. ते या बायकांनी काढलेत. त्या नसत्या तर तुम्हाला आवडलंय ते पानही नसतं.”

“ते ठीक आहे हो. तुम्ही भावनिक होऊ नका.”

“भावनिक नाही सर, मी माप सांगते आहे.”

ते समजुतीनं म्हणाले, “नियम आहे मॅडम. माझ्या एकट्याच्या हातात नाही. विचार करून सांगा.”

“विचार झालाय. फोटो परत घेते.”

फोन ठेवला आणि रडले. हे लिहायला लाज कसली? पहिलं प्रदर्शन होतं. आईला सांगून ठेवलं होतं, बसनं घेऊन येणार होते, शेजारणी विचारत होत्या. पण रडून झाल्यावरही निर्णय तोच होता. जी माणसं मला सांगून, हसून, आपल्या मर्जीनं त्या फोटोत आली, त्यांना पाच मिनिटांत पुसायचं? आणि कशासाठी, भिंत स्वच्छ दिसावी म्हणून?

मी तो फोटो मोठा छापून घेतला आणि आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये लावायची परवानगी मागितली. मॅनेजर म्हणाले, लावा, तिथं नुसतं कॅलेंडर आहे. जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. लोक डबे घेऊन येत होते. खानापूरकडून, हुक्केरीकडून, आसपासच्या गावांतून बसनं आणि मोटारसायकलनं येणारी माणसं. डबा उघडायच्या आधी एकेक जण फोटोपुढं थांबायला लागला.

“हे कुठलं? तवंदीखालचं व्हय?”

“तंबाखूच हाय की. आमची आई जायची रं खुडायला.”

“कुठनं काढलाय हे? झोपून काढलाय.”

कुणी मनोऱ्याबद्दल बोललं नाही. बायकांबद्दल मात्र बोलले. किती जणी आहेत ते मोजलं, कुठपर्यंत काम आलंय त्यावरून किती वाजले असतील याचा अंदाज बांधला. फोटोत वेळ वाचता येते हे मला तेव्हा नव्यानं कळलं.

मग तो मशीनवरचा माणूस आला, ज्याच्याशी माझं आठवड्यातून दोनदा तरी भांडण होतंच. त्यानं हात पाठीमागं बांधून बराच वेळ बघितलं आणि माझ्या टेबलापाशी आला.

“मॅडम, बोलू का?”

“बोला.”

“चांगला हाय. पण डावीकडं खाली लई रिकामं सोडलंय. माझी नजर तिकडं गेली की तिकडंच पडती, परत सरीत येत न्हाय.” त्यानं फोटोजवळ जाऊन बोटानं जागा दाखवली. “हितं. चार बोटं कॅमेरा उजवीकडं पायजे हुता.”

मी उठून बघितलं. त्याचं खरं होतं. शंभर टक्के. वर्षभरात कुणी एवढं नेमकं सांगितलं नव्हतं.

“नापास?” मी विचारलं.

“न्हाय न्हाय,” तो घाईघाईनं म्हणाला. “पुन्यांदा तासून आणा.”

अख्खं टेबल हसलं, मीही हसले. त्या संध्याकाळी वहीत मी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

गट मी सोडला नाही. सोडला असता तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. दर महिन्याला जाते, पुढच्या रांगेत बसते आणि माझे दोन फोटो दाखवते. त्यात माणसं असतात, तारा असतात, एकदा उद्यमबागेची धुराडी होती. सर अजून म्हणतात, “हे लँडस्केप नव्हे.” मी म्हणते, “सर, बाकी चुका सांगा.” मग ते खरंच सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. आमचं दोघांचं त्या एका गोष्टीवर पटणार नाही हे आता दोघांनीही धरून घेतलंय.

त्या फोटोची एक प्रत फ्रेम करून मी आईला नेली. वाटलं, ती सर्वांत जास्त खूश होईल. तिनं ती दोन्ही हातांत धरून, खिडकीपाशी नेऊन नीट बघितली.

“चांगला आलाय,” म्हणाली आणि मला परत दिली.

“भिंतीला लावू या की.”

“घरात नगं.”

“का गं?”

“आगं, जलमभर सकाळी उठून तिथंच गेलतो. आता उठल्या उठल्या परत त्येच बघू व्हय? तू लाव तुझ्या हापिसात. लोकांनी बघूदे. मला नगं.”

त्या बायकांना पुसायचं नाही म्हणून मी सरांशी भांडले होते, आणि त्याच ओळीत वर्षानुवर्षं वाकलेली बाई मला सांगत होती की ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून ने. सर पुसायला सांगत होते आणि आई पण नको म्हणत होती, पण ही दोन ‘नको’ एक नव्हेत, एवढं मला लगेच कळलं. तिला तो हक्क आहे. सरांना नव्हता.

“मग तुला कशाचा पायजे?” मी विचारलं.

ती विचारात पडली. असं तिला कुणी विचारलं नसावं. “डोंगराचा,” शेवटी म्हणाली. “नुसत्या डोंगराचा. पाणी प्यायला उभं राहिलो की तेवढं तोंडाला वारं लागायचं, आणि डोंगर दिसायचा. तेवढंच बरं वाटायचं बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. या वेळी कॅमेरा मी तिच्या उंचीला लावला, ताठ उभ्या राहिलेल्या तिच्या उंचीला. तिनं पदर कानामागं खोचला आणि एक डोळा झाकून आत बघितलं.

“रान दिसाय लागलंय अजून. वर कर.”

मी वर केला.

“अजून.”

खालचं सगळं हिरवं निघून गेलं. उरला डोंगर, आणि त्याच्यावर आभाळच आभाळ.

“बास. आता कुठलं दाबायचं?”

मी दाखवलं. तिनं श्वास रोखून दाबलं, जोरात, आणि दचकून मागं सरली. मग पडद्यावर हाताचा आडोसा धरून तिनं आलेला फोटो बघितला.

“ह्योच,” ती म्हणाली.

तो फोटो आता तिच्या बाहेरच्या खोलीत दारासमोर लावलाय. मी असतानाच एकदा शेजारीण साखर मागायला आली, उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “लेकीनं काढला व्हय? झकास आलाय की.”

आईनं साखरेची वाटी तिच्या हातात ठेवली. “लेकीनं न्हाय,” म्हणाली. “मी काढलाय. ती हुती नुसती बाजूला.”